हाडाला सांगितलेलं खोटं

मधुमेहाने रंगनाथरावांच्या उजव्या पायाचा अंगठा निळा, थंडगार पडला होता. तो कापावा लागू नये म्हणून त्यांच्या डॉक्टर मुलीने, वैजूने, नडगीवर एक पट्टा बांधला. काही दिवसांत नडगी ठणकू लागली.

“मला न सांगता पाय मोडलास ना?”

वैजूने एक्सरे दाखवला. हाड अखंड होतं.

“हा माझाच कशावरून?”

“बाबा, हाड मोडलंय असं हा पट्टा हाडातल्या पेशींना भासवतो. मग त्या नव्या रक्तवाहिन्या बोलावून घेतात.”

“म्हणजे हाडाशी खोटं बोललीस. माझ्याशी किती बोलतेस?”

वैजूने त्यांचा हात धरून अंगठ्यावर ठेवला. मग त्यांनी संशयाने डाव्या पायाचा अंगठाही चाचपला. दोन्ही सारखेच ऊबदार होते.