बारा फाट्यांचं हरीण

हायरमला नवी ठासणीची बंदूक घ्यायची होती. वीस वर्षांपूर्वी अख्ख्या ओहायोतलं सगळ्यात मोठं हरीण समोर उभं असताना जुनीने दगा दिला होता. दारू दमटलेली, चाप ओढला तर नुसतं ‘खट्’. तेव्हा त्या हरणाच्या शिंगांना आठ फाटे होते. सांगता सांगता एव्हाना बारा झाले होते.

“ही बघा काका,” दुकानवाली म्हणाली. “दारू पुढूनच ठासायची, पण मागून अशी बंद की ओढ्यात बुडवून काढा, पहिल्याच चापाला बार!”

“नको, जड आहे,” सोबत आलेला डेल्मर म्हणाला. दुसरी त्याला आखूड वाटली, तिसरी कुरूप.

हायरम भडकला. “बंदूक मी घेतोय की तू? त्या जुन्या खटाऱ्याचा तुला एवढा कसला पुळका? दर वर्षी पुसतोस काय, तेल घालतोस काय!”

डेल्मरने टोपी काढली. “त्या दिवशी झुडपाआड मी बसलो होतो. वरचा डगला काढल्याशिवाय विजारीचे पट्टे सुटत नाहीत, म्हणून शिकाऱ्यांना दिसावा असा तो केशरी डगला काढून ठेवला होता. तू नेम धरलास. मला ओरडायचं सुचेपर्यंत ‘खट्’ झालं.”

“आणि शिंगं?”

“डोक्यावर वाळकी फांदी होती.”

हायरमने हातातली बंदूक हळूच परत ठेवली.

“बाई, बंदुकीच्या तेलाची मोठी बाटली द्या,” तो म्हणाला. “यंदा जुनीला मी पुसणार.”