ऋणनिर्देशाचं पान

"पान पाच उघडा," ती म्हणाली. खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

संग्रह सांभाळणाऱ्या गृहस्थांनी आधी चष्मा शोधला, मग प्रबंध. परराष्ट्र संबंधांच्या अभ्यासकांची ही संघटना. देशोदेशीचे प्रबंध, नकाशे, मुलाखती गोळा करायच्या आणि ज्याला हवं त्याला घरबसल्या फुकट वाचू द्यायचं, हे या संघटनेचं काम. सकाळीच तिला संघटनेचं पत्र आलं होतं: अभिनंदन, तुमचा प्रबंध आमच्या संग्रहात घेतला आहे, गेले दहा दिवस तो सगळ्या जगाला खुला आहे. एरवी नाचायची बातमी. ती मात्र तीन जिने धावत चढून आली होती आणि तिला धड श्वास घेता येत नव्हता.

प्रबंध सीमेपलीकडच्या देशाबद्दल होता. तिथल्या एक्केचाळीस माणसांनी दारं-खिडक्या लावून तिला आपल्या सरकारबद्दल खरं काय ते सांगितलं होतं. त्यांच्या केसालाही धक्का लागू नये म्हणून तिनं काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. नावांच्या जागी आकडे घातले, गावं बदलली, एका शिक्षिकेची परिचारिका केली, एका बापाची तर दोन मुलंच कमी करून टाकली. तिच्या मार्गदर्शक बाई वैतागून म्हणाल्या होत्या, अगं, आई पोरांची करत नाही एवढी काळजी.

आणि मग बया ऋणनिर्देश लिहायला बसली. या पानाचं असंच असतं. काम संपलेलं असतं, मन भरून आलेलं असतं, आणि भल्याभल्या शहाण्यांचा हात तिथं सैल सुटतो. मार्गदर्शक झाल्या, ग्रंथपाल झाले, आईबाबा झाले, आणि सगळ्यात शेवटी तो दुभाष्या, जो दोन हिवाळे तिच्याबरोबर हिंडला, आणि त्या एक्केचाळीस दारांवर पहिली थाप ज्यानं मारली. त्याचं पूर्ण नाव, आडनावासकट. ज्या गल्लीतल्या घरात त्याच्या आईनं तिला लेकीसारखं ठेवून घेतलं, त्या गल्लीचंही नाव. काही चुकायला नको म्हणून तिनं ते तीनदा तपासलं होतं. गाढवपणा, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात पलीकडे हुकूम निघाला होता. बाहेरच्या अभ्यासकांना ज्यांनी ज्यांनी मदत केली, त्यांची चौकशी. दोन दुभाष्यांना घरातून उचललं, आणि त्यांना कुठं ठेवलंय हे त्यांच्या बायकांनाही कुणी सांगत नव्हतं.

गृहस्थांनी नियम सांगितला. एकदा आत आलेला प्रबंध काढायचा तर अर्ज हवा, मार्गदर्शकांची सही हवी, आणि समिती बसणार पुढच्या महिन्यात. ती वाद घालत बसली नाही. टेबलाची कड धरून नुसती उभी राहिली, आणि टेबलावरची पेनं थरथरायला लागली. ते बघून गृहस्थ बोलायचे थांबले. मग 'तांत्रिक दुरुस्ती' असा शेरा मारून त्यांनी प्रबंध सरळ संग्रहातून काढला. नोकरीत पहिल्यांदाच केलं असेल असलं काही.

तिनं विचारलं, आत्तापर्यंत कुणीकुणी उतरवून घेतलाय? ती यादी कुणाला दाखवायची नसते, तरी त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. देशवार आकडे होते. पलीकडच्या देशापुढे सहा. कॉलेजची मुलं असतील हो, ते म्हणाले, पण तिच्याकडे न बघता म्हणाले.

सकाळपासून तिनं दुभाष्याला फोन केला नव्हता. बाहेरून आलेला फोन म्हणजे त्याच्याविरुद्ध आणखी एक पुरावा. पण आता राहवेना. तिथंच उभ्या उभ्या तिनं नंबर लावला.

त्यानं उचलला. "ताई," एवढंच तो म्हणाला आणि ती मटकन खुर्चीत बसली. तो मात्र बोलतच सुटला. पान वाचलं म्हणे. त्याच्या सात पिढ्यांत कुणाचं नाव कधी पुस्तकात आलं नव्हतं. आईनं ते पान छापून आणवलं, चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं, आल्यागेल्याला दाखवते.

"ते काढ," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढ. आणि आईला घेऊन कुठंतरी निघून जा."

तो म्हणाला की आज काही जमायचं नाही, पाहुणे आलेत. सकाळपासून बसलेत. तिच्यासारखेच अभ्यासक आहेत, प्रबंधाची छापील प्रत घेऊनच आलेत, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा केल्यात. चहाचं पातेलं तर आईनं आज खाली उतरवलेलंच नाही. हे सांगताना तो हसला. दोन हिवाळे ती त्याचं हसणं ऐकत आली होती. असं तो कधी हसला नव्हता.

"त्यांना तुमच्याशी बोलायचंय," तो म्हणाला. "ताई, मी अजून..."

फोन त्याच्या हातातून गेल्याचं तिला ऐकू आलं. मग दुसरा आवाज आला, मऊ, शिकलेल्या माणसाचा.

"नमस्कार मॅडम. प्रबंध फार मेहनतीनं लिहिलाय तुम्ही. फक्त ही सतरा नंबरची व्यक्ती कोण, ते यांना काही केल्या आठवत नाहीये."