गार अंडं

"या कोंबड्या अंडी देतात?" शेजारीण खुराड्याच्या जाळीपाशी वाकून म्हणाली. "काका, थट्टा करता का माझी?"

फिटरकाकांनी सदऱ्याच्या खिशातून सकाळचं अंडं काढलं आणि पुरावा म्हणून तिच्या नाकासमोर धरलं.

कारखान्यातून निवृत्त झालेले काका बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. धड चालणारे नळ खोलून बसायचे. सुनेच्या मिक्सरचे आतले अवयव टेबलावर मांडून ठेवायचे. हौस नव्हती ती. ज्या घरात आपला काही उपयोग नाही तिथं ताटावर बसायचं कोणत्या तोंडानं, ही एकच काळजी त्यांना कुरतडत होती. मग मुलानंच परसात सोडायला चार कोंबड्या आणून दिल्या.

काकांना दिवस पुरेना. खुराडं असं बांधलं की दाराची कडी एका बोटानं सरकावी. आणि आठवड्याच्या आत पहिलं अंडं! मग रोज एक, बिनचूक. जेवायला आत जाताना ते ओट्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, "घे सूनबाई, आमची कमाई." त्या दिवसापासून जेवणही अंगी लागायला लागलं.

फक्त अंडं हाताला गार लागायचं. बेअरिंग किती तापलंय ते पालथ्या हातानं ओळखण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे खटकलं खरं, पण दोष त्यांनी खुराड्याला दिला. गोणपाट लावलं, पेंढा वाढवला. अंडं गार ते गारच.

"अहो, तुरे बघा यांचे," शेजारीण म्हणाली. तिच्या अंगणात कायम दहा-बारा कोंबड्या असत. "किती फिकट आहेत! लालभडक झाल्याशिवाय कसली अंडी? पोरी आहेत अजून. दोन-तीन महिने तरी काही मिळायचं नाही."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंडं खिशात टाकून ते घराकडे निघाले. निम्म्या वाटेत त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. मुलगा लहान असताना तळ्याकाठी गळ टाकून बसायचा. मासा काही लागायचा नाही, आणि पोर रडकुंडीला यायचं. मग त्याची पाठ वळली की काका बाजारातला मासा गुपचूप गळाला अडकवायचे. पोरगं घरभर नाचायचं.

म्हणजे त्याला ते कळलं होतं तर! आणि आज त्यानं तेच बापासाठी केलं. काकांचा ऊर भरून आला. पोटची पोरं एवढं कुठं लक्षात ठेवतात? आपल्याला कळलंय हे त्याला कळू द्यायचं नाही, त्यांनी ठरवलं. फक्त एकदा त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा.

स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून सुनेचा आवाज आला. "फ्रीजमधली अंडी संपत आली रे. पण तुझी युक्ती नामी हं! सकाळी एक अंडं सापडलं की बाबा दुपारपर्यंत तिथंच रमतात. घरात फिरकत नाहीत."

"मग उद्या दोन ठेव," मुलगा म्हणाला. "रविवार आहे. मी दिवसभर घरी असणार."