गोळी घेतली का?

राजनंदिनीच्या छातीत दिवसभर धडधड व्हायची, हात कापायचे. मी गावातली आशा कार्यकर्ती. "एकदा हिंगोलीला मनाच्या डॉक्टरला दाखवून आणा," असं मी तिच्या नवऱ्याला, माऊलीला सांगितलं. तर तो म्हणाला, "डोक्याचं काही न्हाई, ताकद कमी हाय तिला." आणि मेडिकलमधून व्हिटॅमिनच्या गोळ्यांची डबी घेऊन आला. मी मनात चार शिव्या घातल्या आणि पुढच्या घरी गेले.

महिनाभरानं गेले, तर ती सासूसोबत अंगणात हळकुंडं निवडत होती. चेहरा तसाच कोरा, पण हात कापत नव्हते.

"फरक हाय का गं?"

"हाय."

तेवढ्यात माऊली शेतातून आला. आमच्याकडं मोठ्यांदेखत नवरा-बायको बोलत नाहीत. पण त्यानं पाय धुता धुता आईसमोरच विचारलं, "गोळी घेतली का?"

"घेतली."

तो आत गेला. ती पुन्हा हळकुंडं निवडू लागली.

कसली गोळी ते बघावं म्हणून निघताना मी डबी मागितली. तिनं आतून आणून माझ्या हातात दिली. झाकण काढलं, तर डबी काठोकाठ भरलेली.

"अगं, एकबी खाल्ली न्हाईस?"

तिनं डबी परत घेतली आणि झाकण घट्ट लावलं.

"खाल्ल्या तर संपतील ना, ताई. मग ते काय विचारतील?"