एकशे तेरा नंबरचं दार

प्रज्ञेशने फोटोसाठी मोबाइल दारासमोर धरला आणि पुन्हा खाली घेतला. "मावशी, नंबर कुठाय?"

सत्यशीलाने दारावरून नजर फिरवली; नुसता निळा रंग. वारज्याच्या नाल्याकाठच्या या वस्तीकडे इतकी वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता शहर चारी बाजूंनी येऊन टेकलं, जागेला भाव आला, आणि बिल्डरला इथे इमारत सुचली. ज्याच्या दारावर सर्वेक्षणाचा लाल नंबर, त्याला इमारतीत घर. बाकीच्यांनी आपला रस्ता धरायचा. दारांचे फोटो घ्यायला बिल्डरने प्रज्ञेशला पाठवलं होतं आणि आज शेवटचा दिवस होता.

नंबर टाकायला माणसं आली तेव्हा ती आणि तिचा नवरा रंगनाथ, दोघंही कामावर होते. ते लाल आकडे त्यांना डासांच्या औषधवाल्यांची खूण वाटले. रंगनाथ पेंटर. दरवर्षी दसऱ्याला साइटवर उरलेला ऑइलपेंट आणून तो पत्र्याचं दार रंगवी. यंदाही त्याने हौसेने निळ्याचे दोन हात मारले होते.

शेजारच्या मथुराबाईने आपल्या दारावरचा एकशे चौदा दाखवला, अलीकडचा एकशे बारा दाखवला. मग मधलं घर एकशे तेराच असणार की, असं तिने प्रज्ञेशला ऐकवलं. तो म्हणाला, फोटोत दिसायला हवा. रेशनकार्ड, लाइटबिल त्याने हातातही घेतलं नाही. यादीत 'बंद घर' लिहू लागला.

सत्यशीला आत धावली आणि उलथणं घेऊन आली. ती दार खरवडू लागली. निळा निघाला, त्याला चिकटून लालही निघाला. तरी ती थांबेना. हिरवा, मग बदामी, मग करडा. मथुराबाईने तिचा हात धरला.

"हे पाहा ना जी," सत्यशीला प्रज्ञेशला म्हणाली. "हा हिरवा धायरीच्या सोसायटीचा. बदामी या समोरच्या टॉवरचा. करडा पुलापलीकडल्या शाळेचा. किती वर्षं झाले, तुम्हीच मोजा."

प्रज्ञेशने वाकून पाहिलं.

"मावशी, आता नुसता पत्रा उरलाय," तो म्हणाला आणि पुढच्या दाराकडे वळला.

मथुराबाईने सत्यशीलाचा हात सोडला. लगबगीने जाऊन ती एकशे चौदाच्या बाजूला उभी राहिली आणि तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.