काठाला धरून

चहाघर चालवणारी लूबाई मी बनवलेले झाकणाचे, बिनकानाचे सहा कप परत घेऊन आली.

"फानकाका, कप देखणे आहेत, पण हातात धरवत नाहीत. माझ्याकडे लोक तासभर गप्प बसून चहा प्यायला येतात. काल एकाने कप उचलला आणि आईच्या नावाने बोंबच ठोकली. गेलं सगळ्यांचं ध्यान!"

"शक्यच नाही," मी म्हणालो. जिंगदेझनमध्ये तीस वर्षं मी चिनी मातीचे कप घडवतोय. प्रत्येक नव्या नमुन्यात माझी बायको सूयिंग उकळतं पाणी ओतायची आणि काठाला धरून तीन श्वास थांबायची. भाजलं तर म्हणायची, "हा तुझ्या आईला दे!" हा कप तर तिने दहा श्वास धरला होता. पहिल्यांदाच माझा नमुना एका फटक्यात पास झाला होता.

लूबाईला दाखवायला मी कपात उकळतं पाणी ओतलं आणि तो उचलला. एका श्वासातच खाली ठेवावा लागला.

सूयिंगने हा नमुना पास केल्यानंतर चार महिन्यांनी आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो. "बोटं बधिर कधीपासून आहेत?" त्यांनी विचारलं. "झाले दोन-चार दिवस," सूयिंग म्हणाली. फार उशीर झाला होता. वसंतात ती गेली.

"काकूंनी चुकून पसंत केला असेल," लूबाई हळूच म्हणाली.

त्या दिवशी सूयिंगची बोटं लाल झाली असणार. मी मात्र कपाकडेच बघत होतो.