बर्बनची संध्याकाळ

डर्बीच्या घोडाशर्यतीच्या आदल्या आठवड्यात गावच्या इतिहास संग्रहालयात बर्बन व्हिस्कीची संध्याकाळ ठेवली होती. सगळी धावपळ डेलफीनची. तिचा नवरा क्लेटन शर्यतीचे घोडे तयार करायचा. दारू सोडून त्याला वर्ष होत आलं होतं, पण तो प्यायचा हे दोघांनी गावाला कधी कळू दिलं नव्हतं.

स्वागताचं भाषण आटोपून डेलफीन खाली उतरली, तर क्लेटन एका घोडेमालकाशी त्याची घोडी तयार करण्याबद्दल बोलत उभा आणि हातात भरलेला ग्लास!

"लाज कशी वाटत नाही रे? एवढ्या शपथा घेतल्यास, आणि शेवटी पुन्हा बाटलीच?" ती सगळ्यांदेखत ओरडली.

सगळा हॉल क्लेटनकडे बघू लागला. घोडेमालक चपापला. "घोडीचं आपण नंतर बघू हं," म्हणत त्याने काढता पाय घेतला.

क्लेटन चिडला नाही. तिला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "भाषणाला जाताना तूच धरायला दिलास गं."

 

ग्लासच्या कडेला तिच्याच लिपस्टिकचा ठसा होता, आणि सगळा हॉल अजून क्लेटनकडेच बघत होता.